वादळ चुकले म्हणजे नेमके काय चुकले?

अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झाले की मुंबईत एकच प्रश्न फिरतो: ते इथे धडकणार का? उत्तर ‘नाही’ आले की वाहिन्यांवरचा नकाशा बाजूला सरकतो आणि दुसऱ्या दिवशी ‘मुंबई वाचली’ असा मथळा पडतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि मुंबई वाचली. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेकडून, समुद्रातूनच, उत्तरेला निघून गेले आणि रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर उना-दीवच्या भागात शिरले. तेव्हाही मुंबई वाचली. वाचली म्हणताना त्याच दिवशी मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली, कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०८ किलोमीटरपर्यंत पोहोचला, सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस झाला आणि शहरात दोन हजारांहून जास्त झाडे पडली, याची गणती त्या मथळ्यात झाली नाही. लोअर परळसारख्या सखल, दाट आणि दिवसा माणसांनी फुगणाऱ्या भागासाठी वादळ कुठे धडकले हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणत्या बाजूने गेले, कोणत्या तिथीला आणि कोणत्या तासाला गेले, आणि त्या वेळी आपले नाले, दारे व पंप कोणत्या अवस्थेत होते, यावर तिथले नुकसान ठरते. इशारे आणि तयारी मात्र अजूनही धडकण्याच्या जागेभोवतीच फिरतात.

आधी वादळ चालते कशावर ते पाहू. समुद्राच्या वरच्या थरातले, साधारण पन्नास मीटर खोलीपर्यंतचे पाणी साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असावे लागते. त्यावरून भरपूर बाष्प उठते, वर जाऊन थंड होते, त्याचे ढग बनतात आणि बाष्पाचे पाणी होताना त्यात साठलेली उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने भोवतालची हवा आणखी हलकी होऊन वर चढते, खाली दाब घटतो आणि चहूबाजूंनी हवा आत ओढली जाते. पृथ्वी फिरत असल्याने आत येणारी हवा सरळ केंद्राकडे न जाता वळते. आपल्या गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण मिळत नाही, म्हणून तिथे वादळे होत नाहीत. आणखी एक अट आहे, आणि आपल्या किनाऱ्याचे बरेचसे नशीब तिच्यावर उभे आहे. खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार फरक असेल, तर वादळाचा उभा खांब तिरका होऊन मोडतो. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रावर खाली नैर्ऋत्येचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मोठी चक्रीवादळे सहसा होत नाहीत. राहतात त्या दोन खिडक्या: मे ते जूनचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. यातल्या पहिल्या खिडकीकडे नीट पाहायला हवे. मुंबई महापालिकेची नालेसफाईची ठरलेली मुदत ३१ मे असते. ‘तौक्ते’ १७ मेला आले. शहराची तयारी ज्या दिवशी पूर्ण व्हायची, त्याच्या दोन आठवडे आधी परीक्षा होऊन गेली.

आता बाजूचा मुद्दा. वारा उलट्या काट्याने फिरतो, म्हणजे किनाऱ्याकडे येणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि डाव्या अंगाला जमिनीकडून समुद्राकडे. कोकणच्या किनाऱ्यावर आदळणाऱ्या वादळाचे उजवे अंग म्हणजे त्याची दक्षिण बाजू. ‘निसर्ग’ मुंबईच्या दक्षिणेला आले, म्हणून मुंबई त्याच्या डाव्या, सौम्य बाजूला पडली आणि वाऱ्याने समुद्राचे पाणी किनाऱ्यावर रेटण्याऐवजी बाहेरच ढकलले. हेच वादळ शे-सव्वाशे किलोमीटर उत्तरेला, वसई-पालघरच्या बाजूला आले असते, तर नकाशावरची रेषा मुंबईला स्पर्श न करताच गेली असती. बातमीत ‘मुंबई वाचली’ असेच म्हटले गेले असते आणि वरळी-प्रभादेवीच्या किनाऱ्यावर समुद्र पूर्ण जोराने उलटला असता. म्हणजे ज्या वादळाला आपण ‘चुकले’ म्हणू, तेच आपल्याला अधिक महाग पडणारे ठरू शकते. हवामान खात्याच्या चोवीस तास आधीच्या मार्ग-अंदाजात सरासरी चूक अलीकडच्या वर्षांत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. जगात कुठेही ती चांगलीच कामगिरी मानली जाईल. पण कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची मुंबई चाळीस किलोमीटरही भरत नाही. एका दिवसावर आलेले वादळ आपल्या दक्षिणेला उतरेल की उत्तरेला, याची खात्री तेव्हाही देता येत नाही.

वादळ समुद्र फुगवते ते दोन रीतींनी. केंद्रातला दाब घटला की खालचे पाणी थोडे वर येते. एक मिलिबार दाब कमी झाला की साधारण एक सेंटिमीटर, असा हिशेब आहे. ‘निसर्ग’च्या केंद्रात दाब ९८४ मिलिबारच्या घरात होता, म्हणजे या कारणाने वीत-दीड वीत. खरी रेटारेटी वाऱ्याची. मुंबईसमोरचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, आणि उथळ पाण्यावरून जोराचा वारा वाहिला की ते पाणी खाली निसटायला जागा नसल्याने किनाऱ्याशी चढते. मात्र हा फुगवटा कुठल्या पाण्यावर चढतो हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर चार मीटरहून अधिक असते. दीड मीटरचा फुगवटा ओहोटीला आला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. उधाणाच्या भरतीला आला तर किनाऱ्याने कधी न पाहिलेली पातळी गाठेल.

भरतीची वेळ काढायला कोकणात पंचांग पुरते. पंधरवड्यातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. हा ढोबळ नियम लावून गेल्या काही वर्षांकडे पाहिले की ‘मुंबई वाचली’चा खरा अर्थ उलगडतो. ‘निसर्ग’च्या दिवशी द्वादशी संपून त्रयोदशी लागत होती, दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती. म्हणजे समुद्र उधाणाकडे चढत चाललेला. भरती सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास. वादळ किनाऱ्यावर आले दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, पाणी मागे हटत असताना. ‘तौक्ते’च्या दिवशी अक्षय्य तृतीया होऊन तीन दिवस लोटले होते, पंचमी होती. नियमाने भरती पावणेचारची, आणि वादळही दुपारीच मुंबईच्या जवळून जात होते. वेळ जुळली होती. वाचवले ते तिथीने. पंचमी-षष्ठीचा समुद्र भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीकडे, झुकलेला असतो, त्यामुळे भरती चार मीटरच्या आसपासच राहिली. नऊ दिवसांनी, २६ मे रोजी वैशाखी पौर्णिमा होती. त्या दिवशी हेच वादळ याच तोऱ्यात गेले असते तर आजची चर्चा वेगळी झाली असती. दोन वादळे, दोनदा सुटका, आणि दोन्ही वेळा सुटका चंद्राच्या हिशेबाने झालेली. यात पालिकेचे, राज्य सरकारचे किंवा नागरिकांचे कर्तृत्व शोधणे अवघड आहे.

आता लोअर परळकडे वळतो, कारण समुद्रापासून किलोमीटर-दीड किलोमीटर आत असलेल्या या भागाचा भरतीशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध जुना आहे. वरळी आणि परळ-माझगाव या बेटांमधल्या सखल पट्ट्यात महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून भरतीचे पाणी शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, १७८०च्या दशकात, वेलार्डचा बांध पुरा झाला तेव्हा समुद्र बाहेर अडला, पण आतल्या जमिनीची उंची वाढली नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचतच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या आल्या त्या याच पट्ट्यात, कारण जमीन मोकळी होती आणि रेल्वे जवळून जात होती. डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, सेनापती बापट मार्ग, गणपतराव कदम मार्ग हे सारे त्या जुन्या पट्ट्यावर किंवा त्याच्या काठाने जातात. इथल्या पावसाच्या पाण्याला स्वतःच्या उताराने समुद्र गाठणे अजूनही कठीण जाते. त्याचा मुख्य मार्ग वरळीच्या लव्हग्रोव्ह नाल्याकडे जातो. २६ जुलै २००५ नंतर माधवराव चितळे यांच्या समितीने शहराच्या निचऱ्याचा जो ताळेबंद मांडला, त्याच काळात समोर आलेला एक हिशेब मुंबईकराने पाठ करावा असा आहे. समुद्रात आणि खाड्यांत उघडणारी १८६ पातमुखे. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली आणि फक्त ६ भरतीच्या वर. भरती आली की दारे बंद करावी लागतात आणि मग पडणारा प्रत्येक थेंब पंपाने उपसावा लागतो. वादळाचा फुगवटा भरतीवर चढला तर काय होते, याचे उत्तर इथे मिळते. लाट सेनापती बापट मार्गावर चालून येणार नाही, पण दारे नेहमीपेक्षा दोन-तीन तास जास्त बंद राहतील, आणि वादळाचा पाऊस नेमका त्याच तासांत कोसळत असेल.

हे अनुमान नुसते कागदावरचे नाही. वादळाचे नाव नसतानाही ते दोनदा खरे झाले. ५ ऑगस्ट २०२० हा दिवस आठवून पाहा. नारळी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, समुद्र अजून उधाणाच्या जोरात होता. चक्रीवादळ नव्हते, त्याचे नाव नव्हते, नकाशावर लाल रेषा नव्हती. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०७ किलोमीटरला पोहोचला, म्हणजे नऊ महिन्यांनी आलेल्या ‘तौक्ते’च्या जवळपास बरोबरीचा. चोवीस तासांत ३३१ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, जे.जे. रुग्णालयात पाणी शिरले आणि मशीद बंदरजवळ अडकलेल्या लोकलमधून प्रवाशांना बाहेर काढावे लागले. दोन महिन्यांपूर्वी ‘निसर्ग’साठी घरात बसलेले शहर या दिवशी बेसावध होते. दुसरे उदाहरण लोअर परळच्या दाराशी घडले. २४ मे २०२५ रोजी हवामान खाते ज्याला डिप्रेशन म्हणते, म्हणजे चक्रीवादळाच्या दोन पायऱ्या खालचे एक क्षेत्र, रत्नागिरी-दापोलीदरम्यान किनारा ओलांडून विरत गेले. पाठोपाठ २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, कधी नव्हे इतक्या लवकर. त्या दिवशी वैशाख वद्य चतुर्दशी होती, अमावास्या लागत होती आणि उधाणाची भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास होती. पाऊसही सकाळीच कोसळला. कुलाब्याचा मे महिन्याच्या पावसाचा १९१८पासूनचा विक्रम मोडला. वरळीचे आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक, जे उघडून तीन आठवडेही झाले नव्हते, बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशमार्गातून आलेल्या पाण्याने भरले. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी इथली छोटी पंपिंग स्टेशने वेळेत चालवली नाहीत म्हणून पालिकेने ती चालवणाऱ्यांना प्रत्येकी दहा लाखांचा दंड केला. दंड योग्यच होता. पण मुळात पंपांची सारी व्यवस्था जूनपासूनच्या पावसाळ्यासाठी आखलेली आणि समुद्राचा धोका मेपासून सुरू होणारा, ही विसंगती दंडाने मिटत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासाचा. अरबी समुद्रातली बहुतेक वादळे ओमानकडे नाहीतर गुजरातकडे वळतात, मुंबईवर थेट आलेले मोठे वादळ नोव्हेंबर १९४८चे, मग इतकी काळजी कशाला? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. वादळ स्वतः दिशा ठरवत नाही, भोवतालचे मोठे वारे त्याला नेतात, आणि आपल्याकडच्या समुद्रावर हे वारे त्याला बहुधा वायव्येकडे किंवा उत्तरेकडे नेतात. उलट बाजूला अतिशयोक्तीही झाली आहे, हेही मान्य करायला हवे. ६ जून १८८२ रोजी चक्रीवादळाने मुंबईत लाखभर माणसे मेली, ही नोंद कित्येक याद्यांमध्ये आजही सापडते. असे वादळ झालेच नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळ-जोखमीचा अभ्यास करताना ही गोष्ट निराधार असल्याचे दाखवले. कुलाब्याची वेधशाळा १८२६पासूनची. लाख माणसे बुडवणारे वादळ तिच्या वायुभारमापकाच्या नजरेतून सुटले असते, असे मानण्यात काही अर्थच नव्हता. खोट्या वादळाची भीती घालायची गरज नाही, कारण खरी आकडेवारी पुरेशी बोलकी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१मध्ये मांडले की १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना करता अरबी समुद्रातली चक्रीवादळे निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. अतितीव्र वादळे दीडशे टक्क्यांनी वाढली आणि समुद्रावर त्यांचा मुक्काम लांबला. कारण सरळ आहे, हा समुद्र तापला आहे. आणि मुळात ‘थेट आले नाही’ हा युक्तिवाद मला मान्यच नाही. जून २०२३मध्ये ‘बिपरजॉय’ शेकडो किलोमीटर दूर असताना त्याच्या लाटांनी जुहूच्या समुद्रात मुले बुडाली. ते वादळ तीन दिवसांनी कच्छमध्ये जखाऊला धडकले.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. एवढ्या शक्यता गृहीत धरून इशारे द्यायचे तर वर्षातून पाच-सहा वेळा शहर बंद करावे लागेल. चार वेळा काही झाले नाही की पाचव्या वेळी कुणी ऐकणार नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट प्रशासनाला चांगली माहीत आहे. पण इशाऱ्यावरचा विश्वास जातो तो इशारे वारंवार दिल्याने, हे निदान मला पटत नाही. तो जातो इशारा अख्ख्या शहराला एकाच रंगाचा दिल्याने. ‘मुंबई, ठाणे, रायगडला रेड अलर्ट’ या वाक्यातून करी रोडच्या चाळीत तळमजल्यावर राहणाऱ्याने काय घ्यायचे आणि मलबार हिलच्या रहिवाशाने काय घ्यायचे? ‘दुपारी बारा ते चार या वेळेत लव्हग्रोव्हची दारे बंद राहतील, त्या वेळेत पाऊस झाल्यास जी दक्षिण विभागात अमुक रस्त्यांवर गुडघाभर पाणी होईल’ असे सांगितले, तर तो इशारा लोकांना तपासता येतो. खरा ठरला तर विश्वास वाढतो, खोटा ठरला तरी चूक कुठे झाली ते कळते. हे स्वप्नरंजन नव्हे. पृथ्वीविज्ञान मंत्रालय आणि महापालिकेने मिळून विभागवार पुराचा अंदाज देणारी ‘आय-फ्लोज मुंबई’ ही प्रणाली १२ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’नंतर नवव्याच दिवशी, सुरू केली. पाऊस, भरती, वादळाचा फुगवटा आणि जमिनीची उंची हे सारे एकत्र धरण्यासाठीच ती बांधलेली आहे. तिचा निष्कर्ष अधिकाऱ्यांच्या पडद्यावर थांबतो की डिलाईल रोडवरच्या दुकानदाराच्या मोबाइलवर मराठीत पोहोचतो, यावर तिची किंमत ठरेल.

तिसरा आक्षेप पंपवाल्यांचा. लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, हाजी अली इथे मोठी पंपिंग स्टेशने उभी राहिली आहेत, तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या वाहिन्या ५० मिलिमीटरसाठी वाढवण्याचे काम ब्रिमस्टोवॅड योजनेत झाले आहे, आता आणखी काय? पंपांनी फरक पडला आहे, तो नाकारणे अन्याय होईल. मात्र या साऱ्या आखणीत एक गृहीतक दडले आहे: वीज चालू राहील, पाणी पंपापर्यंत वाहत येईल आणि नाल्यात झाडे, पत्रे, होर्डिंगचे सांगाडे पडलेले नसतील. चक्रीवादळ नेमकी हीच तीन गृहीतके एकाच वेळी मोडते. पाऊस साधा असला की पंप जिंकतो. वाऱ्याबरोबर आला की पंपाकडे पाणी पोहोचतच नाही. आणि पाणी मुरायला, थोडा वेळ थांबायला जी जागा होती तिचे काय झाले हेही सर्वांना माहीत आहे. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून त्यातला एक मोकळ्या जागेसाठी ठेवायचा, असे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ म्हणत होता. २००१च्या बदलाने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्यापुरती उरली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. गिरण्यांची आवारे म्हणजे काही बागा नव्हत्या, बरीचशी जमीन शेडखालीच होती. पण शेडखाली तीन मजली तळघर नव्हते. आज शहरातल्या या खोलगट पट्ट्यात जमिनीखाली गाड्या उभ्या आहेत, आणि काही इमारतींत जनरेटर व विजेचे स्विचही तिथेच आहेत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आक्षेपात येत नाही, आणि ती सर्वांत जास्त घाबरवणारी आहे. ‘निसर्ग’ आले तेव्हा टाळेबंदी होती. ‘तौक्ते’ आले तेव्हाही करोनाची दुसरी लाट आणि निर्बंध होते. ५ ऑगस्ट २०२०ला लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी धावत होत्या. फिनिक्स मॉल बंद, कमला मिलमधली कार्यालये रिकामी, प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर तुरळक माणसे. लोअर परळने वादळ पाहिले ते माणसांशिवाय. माणसांसह काय होऊ शकते याचा दाखला वेगळ्याच दिवशी मिळाला होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसामुळे लोक थांबले, मागून गाड्यांतून लोक येत राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ जण मेले. वादळ नव्हते, पूर नव्हता, थोडा वेळ पडलेला पाऊस होता. त्याच डिसेंबरात, ‘ओखी’ विरत विरत गुजरातकडे जात असताना त्याच्या अवेळी पावसाने महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कवर आलेल्या अनुयायांचे हाल झाले, तंबू सोडून पालिकेच्या शाळांत त्यांची सोय करावी लागली. शाळा होत्या, निर्णय वेळेत झाला, म्हणून ते जमले.

ओडिशाने १९९९च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गमावली आणि २०१३च्या ‘फायलिन’ला जवळपास दहा लाख लोक हलवून मृतांचा आकडा काही डझनांवर आणला. हा धडा मुंबईला जसाच्या तसा लागू होत नाही. लोअर परळमधून दहा लाख माणसे कुठे हलवणार? इथे हलवायचे ते माणसांना नव्हे, त्यांच्या वेळेला. कार्यालयांनी आदल्या संध्याकाळी घरून कामाचा निर्णय घेणे, तो हवेतला न राहता सरकारी आदेशाने होणे, तळमजल्यावरच्या कुटुंबांसाठी त्याच गल्लीतली शाळा वरच्या मजल्यांसकट उघडी ठेवणे, बांधकामावरच्या क्रेन आदल्या दिवशीच सोडवून ठेवणे, ही यादी खर्चीक नाही. खर्चीक आहे ते तळघरातले जनरेटर आणि स्विच वर चढवणे, आणि त्याला विकासक ‘चटईक्षेत्र जाते’ असे उत्तर देतील. ज्यांनी गिरणीच्या जागेवर चटईक्षेत्र मिळवले त्यांच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही. जुन्या चाळींचा आणि उपकरप्राप्त इमारतींचा प्रश्न वेगळा. तिथे रहिवाशांकडून पैसे मागण्यापेक्षा पत्रे, पोटमाळे आणि धोक्याची झाडे यांची तपासणी पालिकेने एप्रिलमध्येच करून द्यावी. नालेसफाईची मुदत ३१ मेऐवजी ३० एप्रिल करणे आणि भाड्याच्या पंपांची व्यवस्था १ मेपासून लागू करून नोव्हेंबरअखेरपर्यंत ठेवणे, यासाठी कायदा बदलावा लागत नाही, निविदेतल्या दोन तारखा बदलाव्या लागतात.